सायटाळ्याला दाते किती?

अमळनेरहून आलेलं एक पत्र माझ्याकडे सहा वर्षं उत्तरावाचून पडून होतं. पडून होतं म्हणजे हरवलं नव्हतं. माझ्या खोलीत बुटांची अठ्ठेचाळीस खोकी आहेत, त्यांत शब्दांची कार्डं आहेत, आणि ते पत्र 'म'च्या खोक्यात होतं. महिन्या-दोन महिन्यांनी मी ते काढायचो, वाचायचो, कोरा कागद घ्यायचो, 'सप्रेम नमस्कार' लिहायचो आणि अडायचो. 'सप्रेम' जरा जास्त होतंय का? 'सविनय' फार कोरडं वाटेल का? शिवाय पत्रात एक शब्द होता आणि त्याचा मला पत्ता लागत नव्हता. सदतीस वर्षं शब्दकोशाच्या कचेरीत काढलेल्या माणसाला एक शब्द सापडू नये, ही काही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नाही. म्हणून कुणाला सांगितली नाही.

पण ते पत्र मुळात आलं शलाकामुळे. श्रावणातली एक दुपार होती.

"केळशीकर काका, एकाच गोष्टीबद्दल साडेतीनशे वेळा वेगवेगळं लिहिता येईल का तुम्हाला?" तिने जिन्यातूनच विचारलं.

शलाका पिंपळे म्हणजे माझ्या घरमालकांची मुलगी. नाशिकच्या भांडी बाजारात खाली त्यांचं दुकान, दुकानामागे तिच्या वडिलांची, त्र्यंबकशेठची, तांब्या-पितळेची कार्यशाळा, आणि वर माझी भाड्याची खोली. दिवसभर खालून हातोडीचा आवाज येतो. निवृत्त होऊन इथे आलो तेव्हा पहिले दोन महिने त्रास झाला, मग तो थांबला की चुकल्यासारखं वाटायला लागलं.

"कशाबद्दल लिहायचं?" मी विचारलं.

"भांड्यांबद्दल." तिने लॅपटॉप माझ्या कार्डांवरच ठेवला. "मी दुकानाची वेबसाइट काढलीय ना, ती कुणाला सापडतच नाही. नाशिकमध्ये बसून 'पितळी भांडी नाशिक' शोधलं तरी आपण नाही. का, तर साडेतीनशे पानं आणि सगळ्यांवर एकच वाक्य. हे वाचा."

मी वाचलं. 'उत्तम दर्जाचे, टिकाऊ व आकर्षक. भेट देण्यास योग्य.' झाऱ्याखाली तेच, घंगाळाखाली तेच, आणि खलबत्त्याखालीही तेच.

"खलबत्ता भेट कोण देतं?" मी म्हणालो.

"तोच तर प्रश्न आहे! मी कॅटलॉगमधून उचलून सगळीकडे चिकटवलं. सर्च इंजिन म्हणतं, एवढी सारखी पानं दाखवू कशाला? आणि काही पानांवर तर नाव आणि फोटो, बस. त्यांना पातळ पानं म्हणतात."

"आमटीसारखी पातळ?"

"अगदी तशीच. ढवळलं तरी तळाशी काही नाही." मग तिचा आवाज उतरला. "काका, बाबांनी सांगून टाकलंय. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत वाट बघणार. तोपर्यंत गिऱ्हाईक वाढलं नाही, तर गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला देणार आणि हातोडी बंद."

त्या क्षणी खाली हातोडी चालू होती. मी हो म्हणालो. मला जमेल असं अजिबात वाटत नव्हतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांची वाक्यं तपासली, स्वतःचं एक छापायला दिलं नाही.

पहिल्या दिवशी आम्ही जुळी-तिळी पानं शोधली. टोप, पातेलं, भगोणं आणि गंज अशी चार पानं होती. चारही पानांवर एकच भांडं, एकच फोटो.

"कोशात आम्ही असं करायचो," मी बिचकत म्हणालो, "अर्थ एकाच ठिकाणी द्यायचा. बाकीच्या तीन ठिकाणी फक्त 'पाहा: पातेले' असं लिहायचं. म्हणजे विदर्भातला माणूस 'गंज' शोधत आला तरी बरोबर घरी पोचतो. मात्र 'पातेले'पाशी 'गंज'चा उल्लेख हवा. नाहीतर पाहुणा दारात उभा आणि घरात त्याला कुणी ओळखत नाही."

शलाका माझ्याकडे बघतच राहिली. "काका, हे शिकायला मी तीन दिवसांचा कोर्स केला! 'पाहा' म्हणे!"

'पाहा' लावत लावत साडेतीनशेची दोनशे चौदा पानं उरली. ती मी लिहायला घेतली. लेखकाचं नाव कुठेच येणार नव्हतं, ही मला मोठी सोय वाटली. नाव नसलं की माणूस जरा वात्रट होतो, हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं. सांडशीखाली मी लिहिलं, 'घरात सगळ्यात जास्त शोधली जाणारी वस्तू. दोन घ्या. एक हरवण्यासाठी.' पोळपाटाखाली लिहिलं, 'तीन पायांचा, म्हणून डुगडुगत नाही. चार पायांचा डुगडुगतो आणि दोष पोळीला येतो.' झाऱ्याखाली लिहिलं, 'काय उचलायचं आणि काय सोडून द्यायचं हे ज्याला कळतं, असा घरातला एकमेव सदस्य.'

त्र्यंबकशेठ मला 'मास्तर' म्हणतात. मी कधीच मास्तर नव्हतो, पण पहिल्या दिवशी दुरुस्त करायचं राहिलं आणि मग उशीर झाला. झाऱ्याचं पान त्यांनी गिऱ्हाइकासमोर मोठ्याने वाचलं.

"मास्तर, झाऱ्याला अक्कल दिलीत, माझ्या जावयालाही थोडी द्या की!"

गिऱ्हाईक हसलं आणि झारा घेऊन गेलं. मी जिन्यात लपून ऐकत होतो.

पितृपक्षात लिहून संपलं. पानं हळूहळू वर येऊ लागली. शलाका रोज सकाळी जिन्याखालून ओरडायची, "काका, घंगाळ पहिल्या पानावर!" आणि मी दाढीचा साबण तसाच ठेवून कठड्याशी यायचो. नवरात्रात मात्र ती वर आली तेव्हा ओरडली नाही.

"बघा," एवढंच म्हणाली.

एका मोठ्या विक्रेत्याची साइट होती. नाव घेत नाही, आम्ही आपसांत त्याला 'मोठं दुकान' म्हणायचो. त्यावर आमची दोनशे चौदाच्या दोनशे चौदा पानं जशीच्या तशी होती. दोन घ्या, एक हरवण्यासाठी. झारा, घरातला एकमेव सदस्य.

"त्यांनी आपलं चोरलं, एवढ्यावर भागत नाही काका. त्यांची साइट मोठी आणि जुनी. एकच मजकूर दोन ठिकाणी दिसला की सर्चला वाटतं, मोठ्याचं खरं आणि छोट्याने उचललं. आपण पुन्हा गायब."

"म्हणजे आपण आपलीच नक्कल ठरलो?"

"हो. मी तक्रार केली. उत्तर आलं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.'"

पाडव्याला अजून महिना होता. खाली हातोडी चालू होती, पण मध्येच थांबत होती. माझ्या डोक्यात जे होतं ते बोलावं की नाही, कळत नव्हतं.

"आमच्या कचेरीत," शेवटी मी म्हणालो, "मुख्य संपादकांना संशय होता की दुसरा एक कोश आमच्यावरून उतरवला जातोय. त्यांनी एक शब्द रचला. जगात नसलेला. अर्थ दिला, व्युत्पत्ती दिली आणि 'ढ'मध्ये घालून टाकला. 'ढ' कुणी सहसा उघडत नाही. दोन वर्षांनी तो शब्द दुसऱ्या कोशात निघाला. व्युत्पत्तीसकट."

"कोणता शब्द?"

"ते मी अजूनही सांगणार नाही."

शलाकाच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरलं, ते बघून मला पश्चात्ताप व्हायला सुरुवात झाली. "काका," ती म्हणाली, "एक भांडं रचा."

ते भांडं मी त्या दुपारी रचलं. 'सायटाळं.' वीतभर लांबीचं, पितळी, अर्धचंद्रासारखं, खालच्या कडेला फणीसारखे नऊ दाते. पातेल्याच्या काठाला अडकवायचं आणि कपात दूध ओतायचं. दूध येतं, साय मागे राहते. 'पूर्वी नाशिकच्या पंचक्रोशीत नव्या जावयाला चहा देताना सायटाळं आवर्जून लावत,' मी लिहिलं, 'कारण कपात साय आली की जावई बोटाने काढणार, ते बोट पुसणार कुठे, हा सासरच्या मंडळींना घोर.' खाली माझ्या हातचं एक चित्र.

लिहून झाल्यावर मी कागद उलटा करून ठेवला. सदतीस वर्षं मी खोटा शब्द आत येऊ नये म्हणून दारावर बसलो होतो.

आणि अडवलं ते त्र्यंबकशेठनी. चित्र त्यांनी उलटसुलट करून पाहिलं.

"हे काय आहे?"

"सायटाळं," शलाका म्हणाली.

"असलं भांडं माझ्या सात पिढ्यांत कुणी घडवलं नाही."

"नाहीच आहे ते, बाबा. सापळा आहे."

"माझ्या पाटीखाली नसलेलं भांडं लावायचं नाही," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाने उद्या मागितलं तर काय देऊ, सापळा?" त्यांनी चित्र खिशात घातलं आणि मागे गेले. मला वाटलं, संपलं. सुटलो, असंही वाटलं. पण दुसऱ्या दिवशी ते परत आले आणि माझ्यासमोर एक पितळी अर्धचंद्र ठेवला. पाठीवर हातोडीचे बारीक ठसे, खाली नऊ दाते, प्रत्येक घासून गुळगुळीत केलेला.

"आता लावा," ते म्हणाले. "आता आहे."

मी त्याच रात्री दुधावर वापरून पाहिलं. साय खरंच मागे राहिली. मला जरा भीतीच वाटली.

मोठ्या दुकानाने पाचव्या दिवशी ते उचललं. माझं चित्र, नऊ दाते, जावयाचं बोट, सगळं. वर लाल अक्षरांत पुस्ती जोडली होती, 'त्वरा करा! शेवटचे तीन शिल्लक!'

"कुठले तीन?" त्र्यंबकशेठ म्हणाले. "जगात एक आहे आणि त्याखाली माझी बिलं दाबलीत."

शलाकाने पुढे काही केलं नाही, नुसती वाट पाहिली. दिवाळीच्या आधी आठ दिवस दुकानाचा फोन वाजला. तिने बोटाने मला गप्प राहायची खूण केली, जणू मी कधी बोलतो, आणि आवाज मोठा केला.

"नमस्कार मॅडम, पुण्याहून बोलतोय, खरेदी विभाग." त्याने मोठ्या दुकानाचं नाव सांगितलं. "तुमच्याकडे सायटाळं मिळेल का? आम्हाला चाळीस नग लागतील. जरा अर्जंट आहे. दिवाळसणाच्या ऑर्डरी आल्यात."

"कोणतं हवं?" शलाका गोड आवाजात म्हणाली.

"कोणतं म्हणजे... किती प्रकार असतात?"

"तुमच्या पानावर काय लिहिलंय?"

"वीतभर."

"कुणाची वीत?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "मॅडम, ते काही दिलेलं नाही."

"बरं, दाते किती?"

"नऊ."

"आणि जावयाचं बोट?"

"आहे," तो बारीक आवाजात म्हणाला.

"ते बोट आमच्या वरच्या खोलीतल्या काकांनी लिहिलंय, नवरात्रात. दाते त्यांनीच मोजून काढलेत. सायटाळं हा शब्द मराठीत आला त्याला आज अठरा दिवस झाले. तुम्ही कुठून घेतलंत हो?"

मी काउंटर घट्ट धरून उभा होतो. मागे हातोडी थांबली होती. मला फोनवरच्या माणसाची दया यायला लागली. मीही नोकरीच केली होती.

"मॅडम," तो शेवटी म्हणाला, "मला फक्त माल आणायला सांगितलाय. पानं दुसरा विभाग बघतो."

"मग त्या विभागाला सांगा, आमची दोनशे चौदा पानं उतरवा. सायटाळं धरून दोनशे पंधरा. ती उतरली की चाळीस नग तुम्हाला. पानं राहिली तर त्या चाळीस सासवांना तुमचा नंबर मी स्वतः देईन."

तिसऱ्या दिवशी सकाळी पानं उतरलेली होती. खालून पहिल्यांदा त्र्यंबकशेठच ओरडले.

"मास्तर! चाळीसाला नऊ, किती झाले?"

"तीनशे साठ," मी कठड्यावरून म्हणालो.

"तीनशे साठ दाते घासायचेत मला! एका शब्दापायी! खाली या, निदान पॉलिश तरी मारा!"

मी गेलो. चार दिवस पॉलिश मारलं. इतका आनंद मला आधी कधी झाला असेल तर आठवत नाही. पानं परत वर आली, धनत्रयोदशीला दुकानात उभं राहायला जागा नव्हती, आणि पाडव्याला तो कव्हरंवाला गाळ्याचं विचारायला आला तेव्हा त्र्यंबकशेठनी त्याला चहा दिला. साय न येऊ देता. मग एक सायटाळं हातात ठेवून त्याला वाटेला लावलं.

अमळनेरचं पत्र आलं ते तुळशीच्या लग्नाच्या सुमारास. पाकिटावर लिहिलं होतं, 'सायटाळं या पानाचे लेखक यांस.' शलाकाने ते जिन्यावर ठेवलं आणि ती विसरून गेली. मी ते वाचलं आणि 'म'च्या खोक्यात ठेवलं.

गेल्या महिन्यात खोलीला रंग द्यायचा होता, तेव्हा खोकी हलवायला शलाका वर आली. आता तिची मुलगी शाळेत जाते आणि सायटाळ्यांसाठी दुकानात वेगळा कप्पा आहे. 'म'चं खोकं तिच्या हातातून निसटलं. कार्डं सगळीकडे पसरली आणि मधोमध ते पत्र. मी वाकेपर्यंत तिने उचललंही होतं.

"हे अजून आहे तुमच्याकडे? वाचू?"

नाही म्हणायला मला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ती वाचायला लागली होती. मोठ्याने.

"'महोदय, मी निवृत्त शिक्षिका आहे. आपलं झाऱ्याचं पान तीनदा वाचलं आणि गरज नसताना झारा मागवला. परंतु सायटाळ्याविषयी एक शंका आहे. हे भांडं आमच्या अमळनेरकडेही होतं. मात्र आमच्याकडे त्याला "मिशीराखण" म्हणत, कारण जावयापेक्षा सासऱ्यांच्या मिशीला साय लागण्याची भीती अधिक. शिवाय आमच्या मिशीराखणीला दाते अकरा होते. आपल्या चित्रात नऊच दिसतात. उरलेल्या दोन दात्यांचं काय झालं? उत्तराची वाट पाहते. आपली, कुमुदिनी अहिरराव.'"

शलाकाने पत्र खाली केलं. "काय उत्तर दिलंत?"

"नाही दिलं."

"का?"

आता सांगणं भागच होतं. "तो शब्द सापडेना. 'मिशीराखण.' सगळे कोश पाहिले. खानदेशी बोलीची पुस्तकं मागवली. अमळनेरच्या वाचनालयालाही विचारलं, आडून. कुठेच नोंद नाही. आणि मला वाटायला लागलं, आपण थट्टेने एक भांडं रचलं आणि एका बाईंना ते खरोखर आठवायला लागलं. एखाद्याच्या आठवणीत आपण खोटं भांडं ठेवलं. याचं उत्तर काय लिहायचं?"

शलाका माझ्याकडे बघत होती. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय.

"काका! मिशीराखण! अहो, त्या बाई तुमची फिरकी घेतायत!"

"काय?"

"त्यांना पहिल्या ओळीतच कळलं होतं की सायटाळं तुम्ही रचलंय! म्हणून त्यांनी एक रचलं! तुम्ही त्यांना एक शब्द दिलात, त्यांनी तुम्हाला एक परत केला, आणि तुम्ही सहा वर्षं तो कोशात शोधताय!"

मी पत्र घेतलं आणि पुन्हा वाचलं. सदतीस वर्षं मुद्रितं तपासली, एक अनुस्वार निसटू दिला नाही. आणि या पत्रात एक बाई सहा वर्षं हसत उभ्या होत्या, त्या मला दिसल्या नव्हत्या.

"आता फार उशीर झाला," मी म्हणालो.

"बसा," शलाका म्हणाली आणि माझ्यासमोर कागद ठेवला. "मी इथून हलणार नाही."

'सप्रेम' की 'सविनय' याचा विचार करायला तिने वेळच दिला नाही. मी लिहिलं:

'सप्रेम नमस्कार. आपली शंका रास्त आहे. मूळ दाते अकराच. दोन वयोमानाने पडले, लेखकाचे चार पडले आहेत. सोबत अकरा दात्यांचा नग पाठवत आहे. उत्तरास सहा वर्षं लागली, कारण "मिशीराखण" हा शब्द मी कोशात शोधत होतो. तो तिथे नाही. माझ्या कार्डांत मात्र आजपासून त्याचं कार्ड आहे. अर्थ तिथेच दिला आहे. "सायटाळं"पाशी फक्त "पाहा" लिहिलं आहे.'

त्र्यंबकशेठना आता नीट दिसत नाही, पण अकरा दाते त्यांनी स्वतः कापले. कुणासाठी, हे शलाकाने सांगितलं असावं. मला बघून ते दोन दिवस नुसते मिशीवरून हात फिरवत होते.

पार्सल घेऊन टपाल कचेरीत मी एकटाच गेलो. रांगेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. त्या असतील का, पत्ता तोच असेल का, असल्या तरी त्यांना आठवेल का? तेवढ्यात माझा नंबर आला.

"आत काय आहे?" खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं. "वस्तूचं नाव सांगा, लिहावं लागतं."

आयुष्यात पहिल्यांदा मी न अडखळता बोललो.

"मिशीराखण."

त्यांचं पेन क्षणभर थांबलं. "'शी' दीर्घ ना?"

"दीर्घ," मी म्हणालो, आणि त्यांनी ते लिहून शिक्का मारला.